परत येणार ना?

गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. विद्यार्थी व्हिसाचा हिशेब याच्या बरोब्बर उलटा आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमध्ये २१४(बी) नावाचं एक कलम आहे. तात्पुरता येतो म्हणणारा परदेशी माणूस प्रत्यक्षात कायमचा राहायलाच निघाला आहे असं धरून चाला, असं ते अधिकाऱ्याला सांगतं. तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. पटलं तर व्हिसा लागला. नाही पटलं तर वकिलातीच्या खिडकीतून एक छापील कागद सरकवला जातो. त्यावर कलमाचा आकडा असतो. तुमचं नेमकं काय खटकलं ते नसतं.

याच कायद्यात एफ-१ची, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याची, व्याख्या आहे. तिच्यातली एक अट अशी की या माणसाचं स्वतःच्या देशात घर हवं आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नको. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराचं कसलं आलंय घर? फार तर कपाटातला एक कप्पा त्याच्या मालकीचा असतो. नोकरी नाही, लग्न नाही, जमीनजुमला नाही. माणसाला एका जागी बांधून ठेवणाऱ्या ज्या काही गोष्टी असतात, त्यातली एकही अजून घडलेली नसते. आणि नेमक्या त्याच वयात त्याला विचारायचं की तुला परत आणेल असं तुझ्यापाशी काय आहे ते दाखव.

मी स्वतः त्या खिडकीपुढे उभी राहिले त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात हा विषय डोक्यातून पार गेला होता. २०२५ मध्ये भाच्याचं जायचं ठरलं आणि ताईने फर्मान काढलं, "तू जाऊन आलेली आहेस, तूच बस त्याच्याबरोबर." बसले.

अमेरिकेच्या व्हिसासाठीचा डीएस-१६० हा फॉर्म एका बैठकीत भरून होत नाही, आणि फार वेळ विचारही करू देत नाही. वीसेक मिनिटं हात थांबला की सत्र संपतं. मधे मधे सेव्ह केलं नसेल तर बसा पुन्हा भरत. पहिली पानं तशी सरळ असतात. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, आईवडील. नावाचंही काही खरं नसतं म्हणा. पासपोर्टवर ज्याचं एकच नाव आहे, त्याचं ते नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही तीन अक्षरं बसतात. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. हजेरीपटावर, ग्रंथालयाच्या कार्डावर, सगळीकडे एफएनयू. एक प्राध्यापक वर्षभर त्याला 'फनू' म्हणून हाक मारायचे आणि तो बिचारा ओ द्यायचा.

खरी करमणूक सुरक्षेच्या पानांवर आहे. तुम्ही कधी वंशसंहारात भाग घेतला आहे का? कुणाचा छळ केला आहे का? हेरगिरी किंवा घातपात करायचा बेत आहे का? वेश्याव्यवसायासाठी येत आहात का? बंडखोर टोळीत होता का? प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोल, हो आणि नाही.

"मावशी, याला कुणी 'हो' म्हणत असेल का गं?"

"कुणी म्हणावं म्हणून विचारलेलंच नाही ते. उद्या काही निघालं, तर तू खोटं बोललास एवढं सिद्ध केलं की त्यांचं काम झालं."

तो जरा गप्प झाला, आणि त्यानंतर प्रत्येक 'नाही' त्याने प्रश्न दोनदा वाचून भरला. ते बरंच झालं. या सगळ्या कारभारात मूळ गोष्टीपेक्षा ती लपवणं महागात पडतं. अमेरिकेत महत्त्वाच्या बाबतीत केलेली बनवाबनवी उघडी पडली तर दार कायमचं बंद होऊ शकतं. कॅनडा पाच वर्षांसाठी अपात्र ठरवतं, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारत राहू शकतं. 'यापूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का' हा प्रश्न तर बहुतेक देशांच्या फॉर्मवर असतो. एकदा नकार मिळाला की तिथे आयुष्यभर 'हो' लिहावं लागतं आणि खाली खुलासा करावा लागतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला पहिल्या वर्षी २१४(बी) चा कागद मिळाला, पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठासाठी व्हिसा लागला. आज ती चांगली स्थिरावलेली बाई आहे, कामानिमित्त देशोदेशी फिरते, आणि प्रत्येक फॉर्मवर तो जुना नकार इमानेइतबारे लिहिते.

विद्यार्थ्यांवर एवढा संशय का, याला काही इतिहास आहे. १९९३ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर जो बॉम्बहल्ला झाला, त्यातला एक जण विद्यार्थी व्हिसावर आलेला होता आणि त्याने शिक्षण अर्धवट सोडलं होतं. परदेशी विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर गोळा करायची असं १९९६ च्या कायद्याने ठरलं, पण ते काम रेंगाळत राहिलं. मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. आणि त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, मार्च २००२ मध्ये, फ्लोरिडातल्या एका विमानचालन शाळेच्या टपालात दोन कागद येऊन पडले. त्या हल्ल्यातल्या दोन वैमानिकांना विद्यार्थी म्हणून राहायला मंजुरी मिळाल्याचं ते इमिग्रेशन खात्याचं पत्र होतं. दोघांचा फोटो तोवर जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात येऊन गेला होता. खात्याची अशी शोभा झाल्यावर जे रेंगाळलं होतं ते धडाक्यात उरकलं गेलं. २००३ पासून सेव्हिस नावाची यंत्रणा चालू झाली आणि त्याच वर्षी प्रत्यक्ष मुलाखतीचे नियमही कडक झाले. आज प्रत्येक एफ-१ विद्यार्थी या सेव्हिससाठी ३५० डॉलर भरतो, व्हिसाची फी वेगळी. म्हणजे आपल्यावर पाळत ठेवण्याचा खर्चही आपणच द्यायचा. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "निदान पावती तरी देतात." पावती देतात, हे खरं. आणि ती मुलाखतीला न्यावीही लागते.

आता पैशाचं. माझ्या मते या सगळ्यात मुलाला मोठं करणारी पायरी कुठली असेल तर ती ही, आणि तिच्याबद्दल कुणीच फार बोलत नाही.

प्रत्येक देशाची पैसे तपासायची रीत निराळी. ब्रिटनचा कारभार गुणांचा आहे. विद्यार्थ्याला एकूण ७० गुण मिळवावे लागतात. विद्यापीठाने दिलेल्या कन्फर्मेशनचे, म्हणजे ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात त्याचे आणि अभ्यासक्रमाचे मिळून ५०, इंग्रजीचे १० आणि पैशांचे १०. यात साठाला पास असा प्रकार नाही, सत्तरच्या सत्तर लागतात. शिवाय ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहायला हवी. सत्तावीस दिवस नीट गेले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी एखादा हप्ता कापला जाऊन शिल्लक थोडी खाली आली, तर ते दहा गुण गेले. जर्मनीत रक्कम आधीच बंद खात्यात टाकायची. २०२४ च्या सप्टेंबरपासून हा आकडा वर्षाला ११,९०४ युरो झाला. तिथे पोचल्यावर आपलेच पैसे महिन्याला ९९२ युरोंच्या हिशेबाने आपल्याला मिळतात. कॅनडात राहण्या-खाण्यापुरती दाखवायची रक्कम दोन दशकं दहा हजार डॉलरवर थांबलेली होती. १ जानेवारी २०२४ ला ती एका उडीत २०,६३५ झाली, आणि फी त्याच्या वर वेगळी. ज्यांनी आदल्या वर्षी जुन्या आकड्यावर जुळवाजुळव केली होती त्यांच्या घरी त्या डिसेंबरात काय झालं असेल याची मला कल्पना आहे. ऑस्ट्रेलियाने नुसत्या अर्जाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून १,६०० केली आणि वर्षभरात २,०००. अर्ज नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

अमेरिकेत आकडा विद्यापीठच आय-२० या प्रवेशाच्या कागदावर छापून देतं. पहिल्या वर्षाची फी, राहणं, विमा, पुस्तकं, आणि शेजारच्या रकान्यात हे पैसे कुठून येणार ते. त्या रकान्यात भाच्याच्या बाबतीत दोन ओळी होत्या. एक शैक्षणिक कर्ज आणि दुसरी 'कौटुंबिक निधी'.

कौटुंबिक निधी म्हणजे भाऊजी. त्यांनी खात्याचं स्टेटमेंट छापून आणलं आणि टेबलावर ठेवून ते उगाचच दुसऱ्या खोलीत गेले. एखादी मोठी रक्कम अचानक जमा झालेली दिसली तर ती कुठून आली ते सांगता आलं पाहिजे, म्हणून मी आणि भाचा ओळीनं वाचत गेलो. तो पेन्सिलीने खुणा करत होता. पगार, हप्ता, पगार, हप्ता. मधेच एका महिन्यात विमा पॉलिसी मोडल्याची जमा. त्याच्या खाली दोन ओळींवर त्याच्या प्रवेश परीक्षेची फी, आणि अर्ज पाठवलेल्या सहाच्या सहा विद्यापीठांची फी, प्रत्येक ओळ डॉलरचा भाव लागून वेगवेगळ्या विचित्र आकड्याची. त्यातली दोन विद्यापीठं त्याने केवळ मित्र भरतोय म्हणून भरली होती. पेन्सिल तिथे थांबली. तो काही बोलला नाही, मीही नाही. पण त्या संध्याकाळनंतर त्याने नव्या लॅपटॉपचा विषय काढला नाही, एवढं मी पाहिलं.

घरात पैसा येतो कसा आणि जातो कुठे, हे आपल्याकडे मुलांना सांगत नाहीत. आईवडिलांना वाटतं त्यांच्या डोक्याला ताप नको, मुलांना वाटतं विचारणं बरं दिसत नाही. ही अलिखित समजूत वीस-बावीस वर्षं सुरळीत चालते आणि मग कुठल्याशा परक्या देशाच्या वकिलातीला सहा महिन्यांचं स्टेटमेंट हवं असतं. जी गोष्ट बापाने मुलाला कधी सांगितली नसती ती अधिकाऱ्यापुढे ठेवायची म्हणून आधी मुलापुढे ठेवावी लागते. गंमत अशी की अमेरिकेच्या खिडकीवर हे कागद बहुतेकदा कुणी मागतही नाही. फुगलेली फाइल छातीशी धरून मुलं आत जातात आणि तशीच्या तशी घेऊन बाहेर येतात. अधिकाऱ्याने फॉर्म आधीच पडद्यावर वाचलेला असतो.

मग येतो मुख्य मुद्दा, इराद्याचा.

इरादा कसा सिद्ध करतात? याचं सरळ उत्तर कुणाकडेच नाही, म्हणून त्याच्याभोवती एक अख्खा धंदा उभा राहिलेला आहे. मॉक इंटरव्ह्यू घेणारे, अर्जासोबतचं निवेदन (एसओपी) लिहून देणारे, 'कोर्स संपल्यावर काय करणार' याचं उत्तर घोकून घेणारे. भाचा अशा एका ठिकाणी जाऊन आला आणि पढवलेलं उत्तर माझ्यापुढे म्हणून दाखवलं. मायदेशात या क्षेत्राला मोठी मागणी आहे, मी परतून अमुक एका कंपनीत अमुक पदावर रुजू होऊ इच्छितो, माझे आईवडील इथे आहेत, त्यांची जबाबदारी माझ्यावर आहे. व्याकरणात चूक नव्हती. फक्त बोलणारा माणूस आमचा नव्हता. आईवडिलांची जबाबदारी घेतो म्हणणाऱ्या या मुलाच्या मोबाइलचं बिल अजून भाऊजी भरतात.

या पढवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. मुलं तिथे पोचलेली, काहींचं शिक्षणही पुरं झालेलं, आणि वर्षांनी कळलं की ज्या पत्रावर व्हिसा लागला तेच खोटं होतं. पत्र बनवणारा एजंट, नाव मात्र अर्जावर मुलाचं. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेऊ लागला. पढवलेलं उत्तर हा काही गुन्हा नाही, मला ठाऊक आहे. पण आपल्या अर्जातलं आपलं काय आणि दुसऱ्याने लिहिलेलं काय, हे मुलाला कळेनासं होतं तिथूनच ती वाट सुरू होते.

आणि खरं उत्तर तरी काय द्यायचं? 'माहीत नाही' हेच खरं उत्तर. बावीसाव्या वर्षी कुणाला माहीत असतं? पण ते देता येत नाही. कायद्याला शंका चालत नाही, आणि गंमत म्हणजे तोच देश दुसऱ्या हाताने राहण्याची सोयही करून ठेवतो. एफ-१ वर शिकलेल्याला पदवीनंतर ओपीटी नावाच्या सवलतीवर १२ महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखा असतील तर आणखी २४ महिने. विद्यापीठांच्या माहितीपत्रकात हे ठळक छापलेलं असतं, आणि मुलाखतीत त्याचा उच्चारही करू नको असं प्रत्येक सीनियर बजावतो. माहितीपत्रक आणि खिडकी या एकाच देशाच्या दोन बाजू आहेत हे त्या मुलाने लक्षात ठेवायचं आणि दोन्हीकडे वेगवेगळा चेहरा न्यायचा.

हा प्रश्न पूर्वीपासून असाच होता असंही नाही. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्यात परदेशी विद्यार्थी चक्क स्थलांतरितांमध्येच मोजला जायचा, फक्त त्याला कोटा लागू नव्हता. तो कायमचा राहणारा नसून पाहुणा आहे हे १९५२ मध्ये ठरलं. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करण्याची सवलत एप्रिल २०१२ मध्ये काढून घेतली आणि १ जुलै २०२१ ला ग्रॅज्युएट रूट म्हणून पुन्हा दिली. मधल्या नऊ वर्षांत शिकलेल्यांचा इरादा काय कमी-जास्त खोटा होता? कॅनडाच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलेलं आहे की पुढे कायमचं राहावंसं वाटणं आणि आत्ता तात्पुरतं येणं या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात; मुदत संपल्यावर तो निघेल एवढी अधिकाऱ्याची खात्री झाली म्हणजे पुरे. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून 'खरोखर तात्पुरता' असल्याची जुनी कसोटी काढून टाकली आणि 'खरोखर विद्यार्थी' अशी नवी आणली. आता तिथे काही ठरावीक प्रश्नांची प्रत्येकी १५० शब्दांत उत्तरं लिहायची असतात. हाच अभ्यासक्रम का, हाच देश का, याचा तुला उपयोग काय. मला ही कसोटी जास्त प्रामाणिक वाटते. शिकायला निघालेल्या मुलाला शिकण्याबद्दल विचारलं तर तो निदान खरं बोलू शकतो.

अमेरिकेतसुद्धा हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही असं नाही. तिथल्या अधिकाऱ्यांसाठी जी हस्तपुस्तिका असते तिच्यात काही वर्षं असा मजकूर होता की विद्यार्थी हा बहुधा तरुण, बिननोकरीचा, मालमत्ता नसलेला असणारच, तेव्हा त्याच्या बाबतीत आत्ताचा इरादा पाहा, दूरच्या भविष्याचं काही खरं नसतं. मग सरकार बदललं की मजकूर बदलतो. कायद्याची ओळ तीच राहते.

माझ्या वेळी खिडकीतल्या बाईने मला विचारलं होतं, "परत येऊन काय करणार?" मी म्हणाले, शिकवणार. ते खोटं नव्हतं. त्या क्षणी मला तसंच वाटत होतं, जसं त्या वयात बऱ्याच गोष्टींबद्दल ठाम वाटतं. पुढे मी तिथे राहिले, नोकरी केली, आणि काही वर्षांनी परतले. शिकवलं मात्र कधीच नाही. परतले ती माझ्या फाइलमधल्या एकाही कागदामुळे नाही. मालमत्तेचे कागद, हमीपत्रं, शिल्लक, यातलं काहीच तेव्हा आठवलं नाही. तिथल्या कामाचा कंटाळा आला होता आणि इथे एक काम खुणावत होतं, इतकं साधं कारण. आमच्या तुकडीत ज्याच्या घरी बक्कळ जमीन होती आणि ज्याने मुलाखतीत तिचे उतारे दाखवले होते तो आजही तिकडेच आहे. यावरून काही नियम काढावा असं मला वाटत नाही. त्या बाईने दोन-तीन मिनिटांत आमचं भविष्य ओळखावं ही अपेक्षाच मुळात अजब होती, तिच्याकडूनही आणि आमच्याकडूनही.

भाच्याच्या वेळी यात नवीन भर पडली. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने जगभर विद्यार्थी मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवलं. जूनच्या १८ तारखेला पुन्हा सुरू करतो म्हणून जाहीर झालं, पण विद्यार्थ्यांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवावीत या सूचनेसह. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं फॉर्मवर २०१९ पासूनच लिहावी लागत होती. आता आतलंही दिसायला हवं. तारीख कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून रात्री दोनला गजर लावून स्लॉट बघणारी पोरं, आणि दिवसा स्वतःचीच जुनी वही तपासावी तसं स्वतःचं खातं तपासणारी.

आमच्या चिरंजीवांचं एक जुनं खातं निघालं, दहावीच्या सुमाराचं. गणिताच्या पेपरानंतर एका मित्राच्या फोटोखाली याने लिहिलं होतं, "बॉम्ब टाका रे या बोर्डावर." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

"मावशी, हे काढू?"

"काढ."

"पण काढलं तर लपवलं असं नाही ना होणार?"

मला उत्तर सुचेना. ठेवलं तर धमकी, काढलं तर लपवाछपवी. शेवटी त्याने ते काढलं, खातं मात्र फॉर्मवर लिहिलं. त्यानंतर तो बराच वेळ ते खातं वरखाली करत बसला होता आणि मधेच एकटाच हसत होता. पंधरा वर्षांच्या स्वतःला परक्या अधिकाऱ्याच्या नजरेतून वाचायची वेळ आमच्या पिढीवर आली नाही, हे नशीबच. आमचं पंधरावं वर्ष कुठेही नोंदलेलं नाही.

मुलाखतीच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. चश्मा काढलेला फोटो, पांढरी पार्श्वभूमी, दहा बोटांचे ठसे. आधी डाव्या हाताची चार, मग उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. घामेजलेली बोटं काचेवर नीट उमटत नाहीत आणि पुसून पुन्हा ठेवायला सांगतात, तेव्हा आणखी घाम येतो. रांगेत पुढच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं आणि नकोसं वाटतं. त्याच्या पुढच्या मुलीला नकार मिळाला, आणि कागद घेऊन वळताना ती रांगेतल्या सगळ्यांकडे बघून कसनुसं हसली, एवढं त्याने सांगितलं. त्याला स्वतःला विचारलं ते असं: कुठलं विद्यापीठ, हा विषय का, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कशावर होता, वडील काय करतात. प्रोजेक्टवर त्याने इतकं सविस्तर सांगायला घेतलं की अधिकाऱ्यानेच मधे थांबवलं. पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा लागला.

"आणि परत येणार का, ते?" मी विचारलं.

"ते विचारलंच नाही."

घोकलेली सगळी उत्तरं वाया गेली याचा त्याला किंचित रागच आला होता. मला नवल वाटलं नाही. तो प्रश्न सरळ क्वचितच विचारतात. इतर उत्तरं ऐकता ऐकता त्याचा निकाल अधिकारी मनातल्या मनात लावत असतात.

तो प्रश्न घरी विचारला गेला. पासपोर्ट हातात आल्यावर नावाची अक्षरं, जन्मतारीख, सेव्हिस नंबर हे सगळं आय-२० शी ताडून पाहिलं. छापताना चूक झालेली असते कधी कधी, आणि ती विमानतळावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी. कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी आत सोडत नाहीत, म्हणून त्याप्रमाणे तिकिटाची तारीख ठरली. ताई इतका वेळ शेजारी बसून होती. ती म्हणाली, "मग परत कधी येणार?"

"डिसेंबरात. सुट्टी आहे तेव्हा."

तिने विचारलं होतं ते हे नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं असावं, कारण तो लगेच मोबाइलमध्ये घुसला. ताईने माझ्याकडे पाहिलं. या बाबतीत मी काही शब्द द्यावा अशी तिची अपेक्षा होती की काय कोण जाणे. मला सुचलं ते एवढंच, आणि तेच मी त्याला सांगितलं: इकडे यायला तुला कुणाची परवानगी लागणार नाही, पण पुन्हा तिकडे जायचं असेल तर आय-२० वर प्रवासासाठी सही लागते. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात मिळते. डिसेंबरात सगळेच तिथे रांग लावतात, तेव्हा नोव्हेंबरातच जाऊन घे.